काळ्या जमिनीवरचें घर आणि त्याचें सांडपाणी

बुलढाणा जिल्ह्यांतील चिखली हें तालुक्याचें गांव. नोकरीव्यवसायानिमित्त येथून पुण्यामुंबईस, नागपुरास किंवा त्याहूनहि दूर गेलेलीं कित्येक कुटुंबें आपलें वडिलोपार्जित घर अद्याप राखून आहेत. चैत्रांत रेणुकादेवीच्या यात्रेला, मुलांच्या उन्हाळ्याच्या सुटींत आणि दिवाळीला असें घर उघडतें. एरव्हीं त्याला कुलूप असतें. दहा महिने जेथें कोणी नाहीं, तेथें उरलेल्या दिवसांत वीस वीस माणसें नांदतात. अशा घराच्या भिंतींना रंग लागतो, गच्चीला गिलावा होतो, देवघराची फरशी बदलते. पण ज्या नळ्या भिंतींत आणि जमिनींत पुरलेल्या आहेत, त्यांची आठवण त्या तुंबल्या म्हणजेच होते. अंगणांतल्या आडाचें पाणी बिघडून घरांतलीं मुलें आजारी पडलीं, तर ती आठवण फार उशिरां झाली असें म्हणावें लागतें.

घरांत येणाऱ्या पाण्याची काळजी सर्वच घेतात. घरांतून जाणारें पाणी कोठें जातें, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. गांवांत जेथें भुयारी गटार पोंचलेलें नाहीं, तेथें या प्रश्नाचें उत्तर 'सेप्टिक टाकींत' असें ठरलेलें असतें. हें उत्तर अर्धेंच बरोबर आहे. उरलेलें अर्धें समजून घ्यावयाचें तर टाकीचें काम काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

फ्रान्समधील वेसूल या गांवच्या लुई मूरास नांवाच्या गृहस्थानें इ. स. १८६० च्या सुमारास घराजवळ एक बंद हौद बांधून त्यांत मैलापाणी सोडलें. कांहीं वर्षांनीं तो हौद उघडून पाहतात तों अपेक्षेपेक्षां फारच थोडा गाळ आंत आढळला. १८८१ सालीं त्याच्या या युक्तीस पेटंट मिळालें. पुढें इंग्लंडांतील एक्सेटर शहराचे अभियंते डोनाल्ड कॅमेरॉन यांनीं १८९५-९६ च्या सुमारास याच तत्त्वावर टाकी बांधून तिला 'सेप्टिक टाकी' हें नांव दिलें. महाराष्ट्रालाहि ही विद्या फार उशिरां कळली असें नाहीं. मुंबईस माटुंग्याच्या कुष्ठालयांत १८९७ सालीं अशा टाक्यांतून निघणारा वायु गोळा करून उपयोगांत आणल्याची नोंद आहे.

टाकींत आलेलें मैलापाणी स्थिर झालें म्हणजे त्याचे तीन थर होतात. जड भाग तळाशीं बसून गाळ होतो. तेल, तूप, साबण वगैरे हलका भाग वर तरंगून त्याची साय धरते. आणि मध्यें त्या मानानें निवळ पाणी राहतें. हवेवांचून जगणारे सूक्ष्म जंतु तळच्या गाळाचा बराच भाग खाऊन त्याचें द्रव आणि वायु यांत रूपांतर करतात. नवीन पाणी जितकें आंत येतें, तितकेंच मधल्या थरांतील पाणी बाहेर पडतें. हें बाहेर पडणारें पाणी डोळ्यांना बरें दिसलें तरी तें शुद्ध नसतें. पटकी, विषमज्वर, कावीळ, हगवण या रोगांचीं बीजें त्यांत असूं शकतात. त्यांचा नाश करण्याचें काम जमीन करते. मातीच्या कणांमधून पाणी सावकाश झिरपतांना गाळलें जातें, कणांवर राहणारे दुसऱ्या जातीचे जंतु त्यांतील घाण खातात, आणि पुरेसें अंतर चालून गेल्यावर तें पाणी निरुपद्रवी होतें. म्हणून टाकी आणि जमीन हीं दोन मिळून एक यंत्र समजावें. टाकी कितीहि चांगली बांधली, पण जमिनीनें आपलें काम केलें नाहीं, तर यंत्र अपुरेंच राहतें.

चिखलीची अडचण येथें सुरू होते. या परिसरांत बहुतेक ठिकाणीं वर काळी कापसाची जमीन, तिच्याखालीं मुरूम आणि त्याखालीं काळा पाषाण अशी रचना आहे. याच जिल्ह्यांतील लोणारचें प्रसिद्ध सरोवर ज्या लाव्हारसाच्या खडकांत आहे, तोच हा खडक. काळ्या मातींतील चिकण खनिजें पाणी पिऊन फुगतात आणि वाळलीं म्हणजे आकसतात. वैशाखांत शेतांतल्या भेगांत हात जातो आणि श्रावणांत त्याच जमिनीवर पाणी उभें राहतें, हें येथील शेतकऱ्यास सांगावयास नको. सांडपाण्याच्या दृष्टीनें या रचनेंत दोन परस्परविरुद्ध दोष आहेत. वरची काळी माती एकदां भिजली कीं पाणी घेईनाशी होते. खालच्या पाषाणांतील भेगा मात्र पाणी फार वेगानें घेतात आणि न गाळतां पुढें नेतात. उथळ शोषखड्डा पावसाळ्यांत भरून अंगणांत वाहूं लागतो, म्हणून घरमालक तो अधिक खोल खणवितो. मग पाणी एकाएकीं नाहींसें होतें आणि सर्वांचें समाधान होतें. परंतु तें पाणी खडकाच्या ज्या भेगांतून गेलें, तसल्याच भेगांतून आडाला झरे येत असतात. 'आमचा शोषखड्डा कधींच भरत नाहीं' असें कोणी अभिमानानें सांगूं लागला, तर त्याच्या आडाचें पाणी तपासून घ्यावें हें बरें.

जमीन पाणी किती घेते हें पाहण्याची एक सोपी कसोटी भारतीय मानक आय. एस. २४७० यांत दिलेली आहे. ज्या खोलीवर पाणी मुरवावयाचें त्या खोलीपर्यंत १०० मिलिमीटर व्यासाचें भोंक घ्यावें, त्याच्या बाजू खरवडून तळाशीं ५० मिलिमीटर खडी टाकावी, आणि ३०० मिलिमीटर उंचीपर्यंत पाणी भरून रात्रभर मुरूं द्यावें. दुसऱ्या दिवशीं पुन्हां पाणी घालून तें २५ मिलिमीटर खालीं जावयास किती मिनिटें लागतात तें मोजावें. तीस मिनिटें किंवा त्याहून कमी लागलीं तर शोषखड्डा चालेल. तीस ते साठ मिनिटें लागलीं तर खोल खड्ड्याऐवजीं जमिनीच्या पृष्ठाजवळ भराव घालून लांब चर करावे. साठांहून अधिक लागलीं तर पाणी मुरविण्याचा नादच सोडावा. काळ्या जमिनींत या कसोटींतील रात्रभर भिजविण्याची पायरी कोणीहि गाळूं नये. सुटींत घरीं आलेला मनुष्य मे महिन्यांत भोंक घेतो, कोरड्या भेगांत पाणी भराभर शिरतें, आणि जमीन उत्तम असल्याचा निकाल तो मोकळ्या मनानें देऊन जातो. तो निकाल खोटा असल्याचें जुलै महिना सांगतो, परंतु तोंपर्यंत घराला कुलूप लागलेलें असतें.

जेथें जमीन पाणी घेत नाहीं, तेथें टाकीच्या पुढें खडीची गाळणी बांधावी. तिच्यांत पाणी तळाशीं सोडून खडीच्या थरांतून वर चढत जाईल अशी योजना असते. खडीवर जंतूंचा पातळ थर जमतो आणि जमिनीचें कांहीं काम तो करतो. या गाळणींतून निघालेलें पाणी कर्दळीच्या किंवा केळीच्या वाफ्यास द्यावें. कोथिंबीर, मेथी, मुळा अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांस तें देऊं नये, आणि मुलांचा पाय पडेल असें उघड्यावर वाहूंहि देऊं नये. शोषखड्डा किंवा चर पिण्याच्या पाण्याच्या आडापासून निदान १८ मीटर दूर असावा असें मानक सांगतें. हें अंतर गाळणाऱ्या मातीच्या भरंवशावर धरलेलें आहे. भेगाळ पाषाण जवळ असेल तेथें याहून जितकें अधिक मिळेल तितकें चांगलें, आणि खड्डा उताराच्या खालच्या अंगास असावा. ज्या वाड्यांत एवढी जागाच नाहीं, तेथें आडाचें पाणी धुण्याभांड्यांस ठेवावें. पिण्यास घेऊं नये.

जमिनीचें फुगणें आणि आकसणें नळ्यांनाहि बाधतें. काळ्या मातींत तशाच पुरलेल्या नळीचे सांधे दोनचार पावसाळ्यांत हलतात, एखाद्या ठिकाणीं नळी बसते, आणि त्या खोलगट जागीं मैला साचून तुंबा होतो. म्हणून संडासापासून टाकीपर्यंतची नळी मुरमाच्या किंवा वाळूच्या गादीवर बसवावी, चारी बाजूंनीं तोच भराव द्यावा, आणि दर मीटरास सुमारें दोन सेंटिमीटर उतार ठेवावा. जेथें नळी वळते तेथें तपासणीचें कुंड ठेवलें कीं पुढें फरशी फोडावी लागत नाहीं.

आतां टाकीच्या आकाराचा विचार. वर्षांत एकदां गाळ उपसण्याच्या हिशेबानें पांच माणसांसाठीं दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटर, एवढी टाकी मानकांत सांगितली आहे. तिच्यांत सुमारें ११०० लिटर पाणी मावतें. एक मनुष्य संडासांत दिवसास ४० लिटर पाणी वापरतो असें धरलें, तर पांच माणसांचें २०० लिटर होतें आणि तें टाकींत पांच दिवसांहून अधिक राहतें. यात्रेला वीस माणसें जमलीं म्हणजे तें ८०० लिटर होतें आणि टाकींत त्याला सुमारें तेहतीस तासच मिळतात. गाळ खालीं बसण्यास निदान एक दिवस तरी हवा, म्हणून एवढ्यावर कसें तरी निभतें. परंतु न्हाणीचें आणि धुण्याचें पाणीहि याच टाकींत सोडलेलें असेल, तर माणशीं १३५ लिटरांप्रमाणें २७०० लिटर होतें, आणि पाणी दहा तासांच्या आंतच बाहेर ढकललें जातें. त्याबरोबर न बसलेला गाळहि जातो आणि शोषखड्ड्याच्या भिंतींवर बसून त्यांचीं छिद्रें बुजवितो. पाहुणे परत गेल्यावर खड्डा कां तुंबला, याचें कोडें मग सुटत नाहीं. यावर उपाय असा कीं न्हाणीचें व मोरीचें पाणी वेगळ्या नळीनें झाडांकडे न्यावें. तें शक्य नसेल तर यात्रेच्या दिवसांत कपड्यांचा ढीग एकाच सकाळीं धुऊं नये. नवीन टाकी बांधावयाची असेल तर घरांत नेहमीं राहणारीं माणसें न मोजतां सणाला जमणारीं मोजावीं. वीस माणसांस मानकाप्रमाणें २.३ मीटर लांब, १.१ मीटर रुंद आणि १.३ मीटर पाण्याची खोली लागते.

बांधलेली टाकी दोनतीन वर्षांनीं उपसावी असें साधारणपणें सांगतात. परंतु वर्षाचे थोडेच दिवस भरणाऱ्या घरीं गाळ सावकाश साठतो, म्हणून तेथें पंचांगावर विसंबण्यापेक्षां गाळ मोजावा. लांब काठीच्या टोकास पांढरें खरखरीत फडकें गुंडाळून ती तळापर्यंत सोडावी, कांहीं मिनिटें ठेवावी आणि सरळ वर काढावी. फडक्यावर काळा डाग जेथपर्यंत चढतो तेथपर्यंत गाळ आहे असें समजावें. गाळ व साय मिळून खोलीचा तिसरा हिस्सा झाला कीं उपसा करावा. पावसाळ्यांत उपसा करूं नये; भोंवतालची जमीन फुगलेली असतां रिकाम्या टाकीच्या भिंतींवर दाब येतो. हिवाळा हा त्यास योग्य काळ होय, आणि उपशानंतर टाकी लगेच साध्या पाण्यानें भरून ठेवावी. टाकींतील जंतु वाढविण्याच्या म्हणून ज्या पुड्या बाजारांत मिळतात, त्यांची साधारण वापरांतल्या टाकीस गरज नसते. ते जंतु मैल्याबरोबर आपोआप येतात. मात्र आम्लाच्या बाटल्या, फिनेलचा मारा, सांडलेलें तेल, फडकीं, प्लॅस्टिक आणि मुलांचे लंगोट यांपासून तिला जपावें लागतें.

झांकण उघडतांना सावधगिरी हवी. टाकींत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायु असतात. पहिला पेटतो, म्हणून जवळ काडी ओढूं नये. दुसरा विषारी आहे, आणि त्याचें प्रमाण वाढलें म्हणजे नाकाची वास घेण्याची शक्तीच तो मारतो. त्यामुळें 'आतां वास येत नाहीं' हें अभय समजूं नये. झांकणावर वाकून आंत पाहूं नये, आणि टाकींत कोणालाहि उतरवूं नये, मग तो पैसे घेऊन उतरावयास तयार असला तरीहि. एक मनुष्य आंत कोसळतो, त्याला काढावयास दुसरा उतरतो आणि तोहि परत येत नाहीं, अशा बातम्या आपल्या देशांत वारंवार वाचावयास मिळतात. २०१३ च्या कायद्यानें संरक्षक साधनांवांचून टाकी वा गटार साफ करण्यास माणूस लावणें हा गुन्हा ठरविला आहे. अशा मृत्यूबद्दल दहा लाख रुपये भरपाई द्यावी असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं सांगितलें आणि २०२३ सालीं ती रक्कम तीस लाख केली. पण भरपाईनें घरचा कर्ता परत येत नाहीं. यंत्रानें गाळ ओढणारी गाडी नगरपरिषदेकडे चौकशी करून बोलवावी, आणि ती टाकीजवळ येऊं शकेल अशी वाट घर बांधतांनाच ठेवावी. उपसलेला गाळ गाडीवाला कोठें नेऊन टाकणार, हेंहि विचारावें. तो ओढ्यांत गेला तर आपली घाण दुसऱ्याच्या पाण्यांत गेली एवढाच त्याचा अर्थ. महाराष्ट्रांत या विषयाची लाज वाटून घेणाऱ्यांत अप्पासाहेब पटवर्धन हे अग्रणी. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत सफाईचें काम आपणांस मिळावें म्हणून त्यांनीं उपवास आरंभिला होता, आणि पुढें कणकवलीच्या गोपुरी आश्रमांत, दुसऱ्याचा मैला माणसाला वाहावा लागूं नये अशा संडासांचे प्रयोग त्यांनीं केले. आपल्या टाकींत कोणी उतरणार नाहीं एवढें पाहणें, हा त्या प्रयत्नांतला प्रत्येक घराचा वाटा आहे.

राहिली येणाऱ्या पाण्याची बाजू. घराला कुलूप लावतांना मुख्य कॉक बंद करावा, गच्चीवरची टाकी रिकामी करून तिचें झांकण घट्ट बसवावें आणि गीझरची वीज तोडावी. संडासाच्या भांड्याखालीं आणि मोरीच्या जाळीखालीं नळी वांकवून थोडें पाणी कायम अडवून ठेवलेलें असतें. लंडनचा घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यानें १७७५ सालीं ज्या शौचकूपाचें पेटंट घेतलें, त्यांत असा बांक होता. टाकींतील वायु आणि झुरळें यांना घरांत येऊं न देणारा पहारेकरी म्हणजे हें पाणी. विदर्भाच्या उन्हाळ्यांत तें कांहीं आठवड्यांत उडून जातें. मग कुलूप उघडतांच जी दुर्गंधी येते, तिचा दोष उगाच टाकीला दिला जातो. निघतांना या प्रत्येक बांकांत दोनचार चमचे गोडेतेल सोडलें तर पाण्यावर त्याचा पापुद्रा धरतो आणि पाणी पुष्कळ दिवस टिकतें. टाकीच्या वायुनळीच्या तोंडाला बारीक जाळीहि बांधलेली असावी, नाहींतर ती डांसांची वाट होते.

परत आल्यावर गच्चीवरची टाकी घासून धुवावी, नळ हळूहळू उघडून आंतली हवा जाऊं द्यावी, आणि प्रथम येणारें गढूळ पाणी सोडून द्यावें. आडावरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह बंद काळांत वाळून पाणी धरीनासा होतो. पाणी चढत नसेल तर पंप कोरडा चालवीत बसूं नये. आडाच्या दर १००० लिटर पाण्यास अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर लागते. आडाचा व्यास ३ मीटर आणि पाण्याची खोली ४ मीटर असेल तर सुमारें २८,००० लिटर पाणी होतें, म्हणजे ७० ग्रॅम पावडर पुरते. ती बादलींत कालवून चुना खालीं बसूं द्यावा, वरचें निवळ पाणी आडांत मिसळावें, आणि निदान तासभर पाणी उपसूं नये. हें काम रात्रीं केलें तर सकाळपर्यंत सवड मिळते.

गळता नळ ही लहान गोष्ट वाटते, परंतु सेकंदास एक थेंब गळला तरी दिवसाला वीस लिटरांच्या घरांत पाणी जातें, आणि संडासाच्या फ्लशची टाकी गळत असेल तर तें सगळें सेप्टिक टाकींत उतरून पाहुण्यांवांचूनच तिच्यावर भार टाकतें. ही गळती दिसत नाहीं. फ्लशच्या टाकींत थोडी नीळ टाकून अर्धा तास संडास वापरूं नये. भांड्यांत निळें पाणी उतरलें तर आंतला वायसर बदलावा. घरांतील सर्व नळ बंद करून रात्रीं गच्चीवरच्या टाकींतील पाण्याच्या उंचीवर खूण करून ठेवावी. सकाळीं पाणी खुणेच्या खालीं गेलें असेल तर कोठें तरी गळती आहे.

ही सर्व माहिती घरांतील एका वडील माणसाच्या डोक्यांत असते आणि तो गेल्यावर कोणालाच नसते. टाकीचें झांकण तुळशीवृंदावनाच्या कोणत्या बाजूला पुरलें गेलें, नळी कोठून जाते, मुख्य कॉक कोणत्या कोनाड्यांत आहे, हें शोधण्यासाठीं मग अर्धें अंगण खणावें लागतें. म्हणून देवघरांतल्या फडताळांत पंचांगाशेजारीं एक वही ठेवावी. तिच्या पहिल्या पानावर घराचा साधा नकाशा काढून टाकी, झांकण, नळ्या, कॉक, शोषखड्डा आणि आड हीं दाखवावीं व त्यांमधील अंतरें मीटरांत लिहावीं. पुढच्या पानांवर गाळ केव्हां मोजला, किती भरला, गाडी केव्हां आली, आडाचें पाणी केव्हां तपासलें, याची तारीखवार नोंद ठेवावी. घर उघडणाऱ्यानें प्रथम ती वही वाचावी, आणि कुलूप लावणाऱ्यानें निघण्यापूर्वीं तिच्यांत एक ओळ लिहून जावें.